रामशेज पडला!

नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्याने 1682 पासून पाच वर्षांहून जास्त काळ औरंगजेबाच्या फौजेला दाद दिली नाही. माझ्या फ्लाइट सिम्युलेटरने, म्हणजे पीसीवर विमान उडवायच्या खेळाने, तो बसल्या जागी पाडला. ओझरहून उडालो, पश्चिमेला वळलो, तर किल्ल्याच्या जागी उशीवर पांघरूण घातल्यासारखं टेंगूळ!

खोलात गेलो. (मी खोलात गेलो की घरचे आधी जेवून घेतात.) तर 2000 च्या फेब्रुवारीत एंडेव्हर अंतराळयानाने 11 दिवस रडार फिरवून पृथ्वीची उंची मोजली. त्यातल्या ढोबळ जाळीत दर 90 मीटरला एकच आकडा. दोन आकड्यांच्या मधे कडा आला की त्याचा मुकाट्याने उतार होतो. हरिहर किल्ल्याच्या ज्या उभ्या पायऱ्या मी हातापायांवर, देवाचं नाव घेत चढलो, तिथून आता पोराटोरांची सायकल उतरली असती.

म्हणून 30 मीटरची जाळी उतरवली. बिंदू नऊपट. रामशेज उभा राहिला! पण अंगावर तीच विटकी हिरवी सतरंजी. मग उपग्रहाचे फोटो आले. झूम 16 पुरे होता. मला 17 हवा होता. झूमची एक पायरी वर गेलं की उतरवायचे फोटोचे तुकडे चौपट होतात, हे कळेपर्यंत घरातलं वायफाय आटलं होतं. "अहो, हिरॉइनचं तोंड अर्ध्या तासापासून उघडंच आहे," आतून आवाज आला.

तिसऱ्या रात्री सगळं बसवलं. पीसीचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागला आणि विमान सीबीएसच्या सिग्नलवरच्या रिक्षासारखं थबकत, आचके देत निघालं. जाळी आणि फोटो जरासे सरकलेले. जायकवाडीला पाणी सोडायचं म्हटलं की नाशकात केवढी ओरड होते. इथे गंगापूर धरणाचं पाणी कोणाला न विचारता शेजारचा डोंगर चढत होतं.

तरी कौतुकाने आईला बोलावलं. तिने चष्मा पुसला. "त्र्यंबकला बस जाते की रे," म्हणाली. मग जरा वाकून, "आपली बिल्डिंग कुठाय?"

विमान पाथर्डी फाट्याकडे वळवलं. फोटो जुना निघाला. आमच्या बिल्डिंगच्या जागी द्राक्षबाग होती, अगदी ओळीन् ओळ मोजता येईल इतकी स्पष्ट.

"मग दर महिन्याला हप्ता कसला भरतोस?" आई म्हणाली.