आईने आज सकाळी साडेतीनशे फोटो डिलीट केले

कारण काय, तर फॅमिली ग्रुपवरचा फॉरवर्ड. क्लाऊडवरचे, म्हणजे इंटरनेटवर साठवलेले तुमचे फोटो कंपन्या बघतात, विकतात, आजच काढून टाका आणि दहा जणांना पाठवा. आमच्याच एका शिकल्यासवरल्या नातेवाइकांनी सकाळी सहाला टाकला, खाली हात जोडलेले. आई बहात्तर वर्षांची, चिपळूणला एकटी असते. ती घाबरली आणि चष्मा लावून एकेक फोटो निवडत बसली. मग मला फोन. "अगो, केले हो सगळे डिलीट. आता धोका नाही ना काही?"

माझ्या पोटात खड्डाच पडला.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण ज्यांनी पाहिलं त्यांना मी काय सांगू! वाशिष्ठीचं पाणी आमच्या तळमजल्याच्या छताला टेकलं. आई शेजाऱ्यांच्या माडीवर होती म्हणून वाचली. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर अल्बमच्या नुसत्या चिखलाच्या विटा. ते चिकट पानांचे, वर प्लॅस्टिक असलेले अल्बम आठवतात ना? प्लॅस्टिक सोलायला गेलं की त्याच्यासोबत माणसाचा चेहराच निघून यायचा. आईने दोरीवर चिमटे लावून फोटो वाळत घातले होते, साड्यांच्या शेजारी. तुळशीपुढे उभ्या असलेल्या बाबांचा १९८३ चा फोटो होता. त्यात राहिला एक कान आणि चष्म्याची काडी.

आज तो फोटो आमच्याकडे आहे तो भाच्यामुळे. २०१९ च्या दिवाळीत बसल्या बसल्या त्याने अल्बमच्या पानापानाचे मोबाइलवर फोटो काढले आणि आजीच्या गुगल अकाउंटवर चढवले. बाबांच्या खांद्यावर फ्लॅशची पांढरी चमक आलीय. तेव्हा मी त्याला ओरडले होते, नीट काढता येत नाही का म्हणून.

आणि हे लोक ग्रुपवर सांगणार, डिलीट करा! तुमच्या घरात पाणी शिरलं होतं का? स्वतः एक तरी फोटो काढून टाकलात का, की नुसतं पुढे ढकललंत? "त्यापेक्षा हार्डडिस्क घ्या" म्हणणाऱ्यांनाही सांगते, ती हार्डडिस्क आईने त्याच कपाटात ठेवली असती.

भीती अगदीच खोटी नाही, हे मान्य. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापाने २०२१ मध्ये लहान मुलाचं दुखणं डॉक्टरांना दाखवायला फोटो काढला. गुगलच्या यंत्रणेने तो मुलांच्या शोषणाचा ठरवला आणि अकाउंटच बंद केलं. पोलिसांनी गुन्हा नाही म्हटलं, तरी गुगलने ते परत दिलं नाही. त्याच्या पोराचे सगळे फोटो त्यात. हे वाचलं तेव्हा माझंही डोकं फिरलं होतं. २०१५ ला गुगलनेच फोटो ठेवायला फुकट, अमर्याद जागा म्हणून सगळ्यांना सवय लावली आणि १ जून २०२१ पासून फुकट जागा फक्त १५ जीबी, त्यातच मेलही. दोन वर्षं अकाउंट उघडलंच नाही तर तेही काढून टाकू शकतात. दुसऱ्याच्या माळ्यावर ठेवलेलं सामान आहे ते, कधी काय सांगतील नेम नाही.

पण म्हणून सामान नदीत टाकायचं? एक प्रत स्वतःकडे ठेवा, तीही दुसऱ्या गावात. पासवर्ड घरातल्या आणखी एकाला माहीत असू द्या. फोन बदलला की कोड येणारा नंबर चालू आहे ना बघा. हे मी चार वर्षं सगळ्यांना सांगतेय आणि आईच्या फोटोंची प्रत काढायची मात्र पुढच्या सुट्टीत, पुढच्या सुट्टीत करत राहिले. त्याची आज लाज वाटतेय.

डिलीट केलेले फोटो ट्रॅशमध्ये साठ दिवस राहतात, म्हणून निभावलं. फॉरवर्डमध्ये ट्रॅशही रिकामा करा असं लिहिलं होतं. पण तेवढ्यात कुकर लावायचा म्हणून आईने मोबाइल बाजूला ठेवला होता.

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर एकेक बटण सांगत सगळे परत आणवले. पाऊण तास लागला. तिला ओरडायचं ठरवलं होतं, पण तीच गप्प गप्प होती. मधेच म्हणाली, "थांब गो, आले वाटतं हे."

"बाबांच्या खांद्यावर पांढरं दिसतंय का?"

"दिसतंय."