लेकराचा एक डोळा झाकून बघा

लेकराला नीट दिसतंय का, हे दोन्ही डोळे उघडे असताना कळत नाही. एक डोळा धड असला की लेकरू त्याच्यावर सगळं निभावून नेतं. पतंग उडवतं, मोबाईल बघतं, तक्रारीचा शब्द नाही. दुसऱ्या डोळ्यानंही एवढंच स्वच्छ दिसायला पाहिजे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून तळहातानं आधी एक डोळा झाका, मग दुसरा. एक झाकला तर निवांत फळा वाचणारी आणि दुसरा झाकला की लगेच हात झटकून मान वाकडी करणारी लेकरं मी वर्गात पाहिलीत.

डॉक्टर याला आळशी डोळा म्हणतात. कधी एकाच डोळ्याचा नंबर जास्त असतो, कधी डोळा तिरळा असतो, क्वचित जन्मजात मोतीबिंदू. त्या डोळ्याकडून येणारं चित्र मेंदू सोडून द्यायला लागतो. असंच मोठं झालं तर पुढं भारीतला चष्माही कामाचा नाही. 7-8 वर्षांच्या आत उपचार लागले तर उत्तम, पण पोरगं त्याहून मोठं असलं तरी दाखवाच, काहींना तेव्हाही गुण येतो. आधी चष्मा, मग चांगल्या डोळ्यावर पट्टी. डोळा फार आळशी नसेल तर रोजचे 2 तासही पुरतात. आणि आपण तिरळ्या लेकराला ‘नशीबवान’ म्हणून घरात ठेवतो! गाजरानंही हे जात नाही. ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस पाच वर्षांपर्यंत द्यायचेच, पण ते रातांधळेपणासाठी.

माझा राग आहे तो शाळेतल्या तपासणीच्या वेळापत्रकावर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. आमच्या बीडकडं ते दिवाळीनंतर आलं, तर निम्मी लेकरं आईबापाच्या कोयत्यासोबत ऊसतोडीला कारखान्यावर गेलेली. ज्यांना पट्टी लागली, त्यांची दर दोनेक महिन्यांची फेरतपासणी उसाच्या फडात कोण करणार? पट्टी जास्त झाली तर चांगल्या डोळ्याची नजर उतरू शकते, म्हणून ती तपासणी टाळून चालत नाही.

ऊसतोडीच्या गावांत पथकानं जून-जुलैतच यावं, चष्मे पोळ्याच्या आत हातात पडावेत. हंगामी वसतिगृहात राहणाऱ्या लेकरांची पट्टी तिथल्या बाईंकडं सोपवावी. जी फडावर जातात, त्यांच्या नंबरचा कागद आईच्या पिशवीत असावा, म्हणजे कारखान्याजवळच्या दवाखान्यात पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. यातल्या कशालाच नवीन मशीन लागत नाही.