अण्णांची कुल्फी आणि कोकमाचं आगळ

काल दुपारी अडीचला अकोल्यात ४५ होतं. कूलरमध्ये दुसऱ्यांदा पाणी भरून झालेलं, तरी वारा येत होता तो इस्त्रीवरून आल्यासारखा. आणि आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, वय ७८, पैकी २२ वर्षं डायबेटिसची, स्वयंपाकघरात स्टूल टाकून फ्रीजसमोर बसलेले. मी विचारलं, "अण्णा, इथे का बसलात?" तर म्हणाले, "जमलं का पाहून राहिलो." फ्रीजरमध्ये ताट होतं, त्याला अजून अर्धा तास होता.

त्या ताटाबद्दलच लिहायचं आहे. पण तिथवर पोचायला मला दोन उन्हाळे आणि बरंच दूध लागलं, तेही सांगते. "शुगर फ्री" या दोन शब्दांवर माझा राग आहे आणि तो कुठेतरी काढायला हवा.

सुरुवात कुल्फीपासून झाली. अण्णांना रात्री मटका कुल्फीवाल्याची घंटा ऐकू आली की ते अस्वस्थ होतात. कानाला यंत्र आहे, आम्ही हाक मारलेली ऐकू येत नाही, ती घंटा मात्र दोन गल्ल्यांवरून ऐकू येते. म्हटलं, घरीच करू बिनसाखरेची. लिटरभर म्हशीचं दूध निम्म्यावर आटवलं, वेलची, केशर, आणि ते चहात टाकायच्या गोडीच्या गोळ्यांतल्या मूठभर गोळ्या उकळत्या दुधात. साच्यात घालून रात्रभर फ्रीजरला.

सकाळी साचा पाण्याखाली धरून कुल्फी काढली. अण्णांनी कवळी सांभाळत कडेने दात लावायचा प्रयत्न केला, मग ती ताटलीवर आपटली. टण्ण असा आवाज. "हे काय व्हय सूनबाई, कुल्फी का गोटा?" सुरी लावली, सुरी सरकली. शेवटी खलबत्त्यात घातली. आणि एवढं करून गोडही नव्हती.

गोडी का गेली ते पाकिटावरचं बारीक अक्षर वाचल्यावर कळलं. गोळ्या अस्पार्टेमच्या होत्या, आणि अस्पार्टेम फार वेळ उकळलं की त्याची गोडी जाते. चहात वरून टाकायला ठीक, आटीव दुधात नाही. सुक्रालोज नावाची दुसरी कृत्रिम गोडी उष्णता सहन करते, पण हे आधी कुणी सांगत नाही.

दगड का झाला, ते मात्र मला माहेरच्या अंगणातून आठवलं. मी वेंगुर्ल्याची. लहानपणी मे महिन्यात सगळी भावंडं जमली की आइस्क्रीमचं पॉट निघायचं. लाकडी बादली, आत दुधाचा डबा, भोवती फोडलेला बर्फ आणि वर खडेमीठ. हँडल फिरवायला पाळ्या लागायच्या. मीठ कशाला, असं मी काकांना विचारलं होतं. मिठामुळे बर्फ विरघळतो आणि ते पाणी शून्याच्याही बरंच खाली जातं, नुसत्या बर्फाने दूध गोठणारच नाही, असं त्यांनी सांगितलेलं. तेव्हा अर्धंच कळलं. उरलेलं अर्धं म्हणजे बाहेर जे मीठ करतं तेच आत साखर करते. पाण्यात साखर विरघळली की ते पाणी शून्याला गोठत नाही. घरच्या फ्रीजरला, उणे १८ च्या आसपाससुद्धा, आइस्क्रीममधलं थोडं पाणी न गोठता पाकासारखं राहतं, म्हणून चमचा आत जातो. गोडीच्या गोळ्या वजनाला इतक्या किरकोळ असतात की त्यांना हे काम जमणं शक्यच नाही. म्हणजे साखर नुसती गोडीला नसते, ती कुल्फीला मऊही ठेवते. ती काढली की उरतो तो दुधाचा बर्फ.

शिवाय गार जिभेला गोड कमी लागतं. वितळलेलं आइस्क्रीम पिऊन बघा, घसा धरेल इतकं गोड असतं. म्हणून गोठवायच्या पदार्थात साखर जास्तच घालावी लागते, आणि म्हणून डायबेटिसवाल्या माणसाने नेमका तोच पदार्थ मागावा यात नियतीची थोडी चेष्टा आहे.

मग दुसरा प्रयोग. एका व्हिडिओत एक बाई हसत हसत सांगत होत्या, खजूर घाला, एकदम हेल्दी, एकदम शुगर फ्री. पंधरा खजूर दुधात भिजवून वाटले. कुल्फी सुरेख झाली, चमचा लोण्यात जावा तसा गेला. अण्णा खूश, दोन खाल्ल्या. दोन तासांनी बोटाला टोचलं तर २६८.

खजूर म्हणजे काय हो? शंभर ग्रॅम सुक्या खजुरात साधारण ६५ ते ७० ग्रॅम साखरच असते. मऊ कुल्फी झाली ती त्याच कारणाने. इथून माझा राग सुरू होतो. आपल्याकडे साखर सोडली म्हणायचं आणि गूळ घालायचा, मध घालायचा, खजूर घालायचा, आणि वर अभिमानाने "साखरेचा कणही नाही बरं का" म्हणून पाहुण्यांना वाढायचं. गूळ हा उसाचाच, त्यातही बहुतांश साखरच. त्यात थोडं लोह-बिह असेल, पण अण्णांच्या रक्ताला गूळ आणि साखर यांच्यात नात्यागोत्याचा फरक कळत नाही. ज्यांना आजार नाही त्यांनी खुशाल गुळाची कुल्फी खावी, मीही खाते. तिला शुगर फ्री म्हणू नका, एवढंच.

आणि नुसत्या आटीव दुधातही साखर असते, ही गोष्ट मी स्वतः विसरले होते. लिटरभर दुधात लॅक्टोज जवळपास ४५ ते ५० ग्रॅम. आटवताना पाणी उडतं, लॅक्टोज तिथेच राहतं. निम्म्यावर आटवलेलं दूध वाटीभर खाल्लं तर दोन वाट्या दुधाची साखर पोटात.

तिसरा प्रयोग विकतचा. नाव घेत नाही. मोठा डबा, वर हिरव्या अक्षरात मोठ्ठं काय ते लिहिलेलं. आणला आमच्या ह्यांनी, कौतुकाने. अण्णांनी दोन वाट्या खाल्ल्या, "शुगर फ्री हाय ना, मंग काय भेव?" त्या रात्री अण्णा चार वेळा उठले आणि आम्ही सगळेच उठलो. डब्याच्या मागे मॅल्टिटॉल लिहिलं होतं. हा पॉलिऑल प्रकारातला पदार्थ, साखरेसारखाच चमच्याने घालता येतो, त्यामुळे आइस्क्रीम मऊ राहतं. पण तो पोटात पूर्ण पचत नाही आणि जास्त झाला की पोट साफ करतो. खाली बारीक अक्षरात इशाराही होता. आणि त्याने रक्तातली साखर अजिबात वाढत नाही असंही नाही, साखरेपेक्षा कमी वाढते.

डबे वाचायची सवय तेव्हापासून लागली. एफएसएसएआय, म्हणजे आपल्या सरकारची अन्नसुरक्षा संस्था, तिच्या नियमाप्रमाणे शंभर ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसेल तरच "शुगर फ्री" म्हणता येतं. "नो ॲडेड शुगर" हे वेगळं प्रकरण आहे. त्यात वरून साखर घातलेली नाही इतकंच, दुधाची आणि फळाची आहेच. दुकानात दोन्ही डबे एकाच कप्प्यात, एकाच हिरव्या रंगात मांडलेले असतात. आणि "फ्रोझन डेझर्ट" लिहिलेलं असेल तर त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल, हेही बघून घ्या. आमच्या चिरंजीवांना आजार नाही काही, वजन कमी करायचं म्हणून सगळं "झिरो" खातात. त्यांना मी जागतिक आरोग्य संघटनेचा २०२३ चा सल्ला वाचून दाखवला, की वजनासाठी असल्या कृत्रिम गोडीवर विसंबू नका. डायबेटिस असलेल्यांना तो सल्ला लागू नाही, हेही त्यात म्हटलंय. ते त्यांनी तेवढं बरोबर ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे आजोबांचं आइस्क्रीम मी संपवू नको ना?"

तर मग मागच्या मे महिन्यात आईने पाठवलेली आगळाची बाटली कपाटात दिसली.

वऱ्हाडात राहणाऱ्यांसाठी सांगते. बाजारात मिळतं ते बहुतेक अमृत कोकम, म्हणजे कोकमाचं साखरेतलं सरबत. आगळ वेगळं. ते कोकमाचा मिठातला दाट रस, वरची साखर शून्य, रंग गडद लाल, चव अशी की एक थेंब जिभेवर पडला तर डोळे मिटतात. आम्ही त्याची सोलकढी करतो. लग्नाला २४ वर्षं झाली, दरवर्षी माहेरून बाटली येते आणि दरवर्षी सासरचे विचारतात, "हे काय औषध हाय का?"

मला एकदम शाळेबाहेरचा गोळेवाला आठवला. काला खट्टा घेतला की आम्ही म्हणायचो, "काका, मीठ टाका." त्या गोळ्यात आम्हाला हवं असायचं ते आंबट, खारट आणि गार. उन्हातून आल्यावर जीव मागतो तो गारवा, आणि आपण त्याला इतकी वर्षं गोड चारतोय की दोन्ही एकच वाटायला लागलंय. मी दोन उन्हाळे बिनसाखरेची कुल्फी करायला झटत होते, तिथेच चुकत होतं. कुल्फीची नक्कल करायचीच कशाला?

मग ते ताट. एक भाग आगळ, सात भाग पाणी. पाणी आधी थोडं कमी घाला, चाखा, मग वाढवा, कारण प्रत्येक घरचं आगळ वेगळं. भाजलेल्या जिऱ्याची पूड, हिरवी मिरची ठेचून नुसती दहा मिनिटं ठेवायची आणि काढून टाकायची, कोथिंबिरीचे देठ चिरून. वरून मीठ अजिबात नाही. हे स्टीलच्या पसरट ताटात बोटाच्या पेराइतकं उंच ओतायचं आणि फ्रीजरमध्ये सपाट ठेवायचं. पाऊण तासाने कडा गोठतात, तेव्हा काट्याने खरवडून मध्ये ढकलायच्या. पुन्हा पाऊण तास, पुन्हा खरवड. तिसऱ्यांदा खरवडताना ताटात लालभडक भुसा तयार होतो, गोळ्याच्या किसासारखा, आणि खरवडल्याचा आवाज ऐकून अण्णा बाहेरच्या खोलीतून येतात. आगळात मीठ असतं, त्यामुळे ते दगड होत नाही. पॉटच्या बाहेर असायचं ते मीठ इथे आत आलं, इतकंच.

पहिल्यांदा दिलं तेव्हा अण्णांनी चमचाभर तोंडात घातलं, चेहरा सुरकुतला, डोळे मिटले. मला वाटलं गेलं हेही. मग म्हणाले, "अजून दे." दोन तासांनी टोचलं, आकडा जवळपास होता तिथेच.

त्यानंतर बरंच करून पाहिलं. उकडलेल्या कैरीचा गर, पुदिना, काळं मीठ, जिरं, म्हणजे गुळाविना पन्हं, ते कांडीला उत्तम. ताकाची कांडी पातळ ताकाची केली तर नुसता बर्फ लागतो, दही फडक्यात तासभर टांगून मग आलं-पुदिना घालून केली तर छान. फोडणी घालू नका, तूप थिजून जिभेला मेणासारखं लागतं. सोलकढी गोठवायच्या फंदातही पडू नका, नारळाचं दूध वेगळं पडतं आणि माझ्या आईला कळलं तर ती मला बोलेल.

आंबा? आंब्याशिवाय मे महिना काढा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शंभर ग्रॅम आंब्यात १४ ग्रॅमच्या आसपास साखर असते. मी बिनसाखरेचा आमरस बर्फाच्या ट्रेमध्ये भरते. एका खणात जेमतेम दोन-तीन ग्रॅम साखर येते. जेवणानंतर एक खण, वाटीत, चमच्याने. वाटीभर आमरस दोन मिनिटांत संपायचा, हा एक तुकडा अण्णा दहा मिनिटं पुरवतात. त्यात फसवणूक नाही, साखर आहे आणि ती मोजलेली आहे.

दोन गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात. एक, मीठ. अण्णांना बीपीही आहे, म्हणून दिवसाला एकच छोटी वाटी, आणि त्या दिवशी ताटात लोणचं-पापड नाही. डॉक्टरांना विचारून ठरवलंय, तुम्हीही विचारा. दुसरी गोष्ट, उन्हाळ्यात भूक मरते, माणूस अर्धी भाकरी खाऊन उठतो आणि गोळ्या-इन्सुलिन तेवढंच चालू राहतं. गेल्या एप्रिलमध्ये एका दुपारी अण्णांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. आम्हाला वाटलं ऊन लागलं, मी कोकमच आणायला निघाले होते. मशीनने ५८ दाखवलं. तेव्हा तीन चमचे साखर पाण्यात घालून दिली, ती खरी साखर, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं. तेव्हापासून फ्रीजवर साखरेची एक बरणी असते, तिला कुणी हात लावायचा नाही.

कुल्फीवाला अजून येतो. अण्णांना घंटा अजून ऐकू येते. महिन्यातून एकदा, जेवणात भात-पोळी कमी करून, आम्ही दोघं एक कुल्फी वाटून खातो. साखरेची, खरी, त्याच्याच मटक्यातली.

बाकी काम एवढंच की बाटली तळाला आलीय आणि मे अजून अर्धा उरलाय. वेंगुर्ला, मालवण, सावंतवाडीकडून कुणी अकोला-अमरावतीकडे येणार असेल तर कृपया इनबॉक्समध्ये सांगा. आगळाच्या दोन बाटल्या आणायच्या आहेत, पैसे आधी पाठवते. अण्णा मागून सांगताहेत, "दोन नाही, चार लिही."