काळविटावर खापर, गोचीड मात्र गोठ्यातच

मार्डीच्या मामांनी तो मेसेज पाठवून खाली विचारलं, "जर्सी विकून टाकू का?" म्हणून हे लिहितोय, नाहीतर असल्या फॉरवर्डला मी उत्तर देत नाही. मेसेज सांगतो: जंगली प्राण्यांच्या रक्तात परजीवींचे नवनवे प्रकार सापडलेत, सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातली काळविटं ते शिवारात आणतात, पाणवठ्यातून ते गाईला आणि दुधातून माणसाला होतात, तेव्हा काळविटं हाकला आणि गोचीड मारायला गाईला पिकावरचं औषध चोळा.

पाण्याचं आणि दुधाचं आधी उरकतो. थायलेरिया, बबेसिया हे गोचीड ताप आणणारे परजीवी गोचीड चावून रक्तात जातात, पाणी पिऊन नाही. गाईचा थायलेरिया माणसाला होतच नाही. दूध उकळून प्या, ते वेगळ्या कारणांसाठी.

आता ते "नवनवे प्रकार". सापडले म्हणजे आत्ताच आले, हा या मेसेजचा मूळ घोळ. कानाच्या शिरेतला थेंब काचपट्टीवर पसरून गिम्सा नावाच्या रंगाने रंगवला की तांबड्या पेशीत बारीक अंगठ्या नाहीतर स्वल्पविराम दिसतात. हरणातला थायलेरिया आणि गाईतला, दोन्ही तसेच. जनुकं वाचायची सोय झाली तेव्हा कळलं की एकसारख्या दिसणाऱ्यांत कितीतरी वेगळी घराणी आहेत, आणि रानातल्या प्राण्यांतली बरीचशी गाईतल्यांपेक्षा निराळी. ती आधीपासून तिथंच होती. शिवाय थायलेरियाचं नर-मादी मीलन गोचिडीच्या पोटात होतं, तिथं जनुकांची सरमिसळ होते. एकाच गाईच्या रक्तात एका वेळी अनेक वाण निघतात. विविधताच मोजायची तर काळविटाच्या मागं कशाला धावता?

गाईला मारणारा थायलेरिया ॲन्युलाटा पसरवते ती हायलोमा गोचीड, आणि तिची एक मुख्य जात गोठ्याच्या भिंतीच्या फटीत राहते. एका गाईचं रक्त पिऊन ती फटीत शिरते, कात टाकते, दुसरीला चावते. या फेऱ्यात काळवीट लागतंच कुठं? खिलारला हा ताप सहसा निभतो, संकरित गाय आडवी होते. त्यावर भारतात लसही आहे.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो: जनावराच्या रक्तातला परजीवी माणसाला कधीच होत नाही असं नाही. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात सर्रा या जनावरांच्या आजाराचा परजीवी, ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय, सापडला. पण पुढं तपासलं तेव्हा कळलं की या परजीवीला मारणारं, आपल्या सगळ्यांच्या रक्तात असणारं एक प्रथिन त्याच्यात जन्मतःच नव्हतं. सुरामिन हे औषध देऊन तो शेतकरी बरा झाला. परिसरातल्या १,८०० हून जास्त लोकांचं रक्त तपासलं, एकाच्याही रक्तात परजीवी दिसला नाही. आणि सर्रा पसरवते गोमाशी, पाणवठा नाही.

सगळ्यात संताप आणणारं म्हणजे ते औषध चोळणं. पिकावरची बरीच कीटकनाशकं कातडीतून आत जातात. गाय लाळ गाळते, थरथरते, श्वास अडकून मरते. वाचली तरी विष दुधात उतरू शकतं, म्हणजे दुधातून माणसाला व्हायचं ते यानंच होईल. जनावरांचं गोचीडनाशक वेगळं मिळतं. किती पाण्यात किती घालायचं ते पशुवैद्यकाला विचारा. खांद्यापुढची गाठ सुजून ताप चढला तर त्याच दिवशी काचपट्टी तपासून घ्या. आणि गोचीडनाशक गाईबरोबर भिंतीच्या फटीतही मारा, नाहीतर तिथल्या पुन्हा अंगावर चढतात.