एक्सेलमध्ये मापं घेणाऱ्यांनो

आला एकदाचा नवा युनिफॉर्म. फिकट निळा शर्ट, नेव्ही ब्लू ट्राउझर, खिशावर कंपनीचा लोगो. लोगो काय सुंदर भरलाय हो! एक टाका इकडचा तिकडे नाही. शर्ट कोणाच्या अंगाला बसतो का, हे बघायला मात्र कोणाला सवड झाली नाही.

मापं कशी घेतली? एचआरचा मेल आला, शीटमध्ये नावापुढे एस, एम, एल, एक्सएल यापैकी काहीतरी भरा, शुक्रवारपर्यंत. एल म्हणजे छाती किती इंच, खांदा किती, उंची किती, कुठे अक्षर नाही. अहो, एका ब्रँडचा एल दुसऱ्याचा एम असतो. भारतीय अंगाचा स्वतःचा साइज चार्ट बनवायचा म्हणून निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेला सहा शहरांत थ्री-डी स्कॅनर लावून पंचवीस हजार माणसांची मापं घ्यायचा प्रकल्प हाती घ्यावा लागला. आणि आमच्या परचेसवाल्यांना एका अक्षरात सगळ्या शाखांची अंगं कळली! गल्लीतला टेलर साधं ब्लाऊज शिवायचं तर मुंढा, टक्स, दंडघेर सगळीकडे टेप लावतो. इथे अख्ख्या कंपनीचे कपडे शिवायला टाकले आणि टेपला कोणी हात लावला नाही.

त्यात बायकांचा शर्ट म्हणजे काय, तर पुरुषांचा शर्ट लहान केला आणि बटणं दुसऱ्या बाजूला लावली. झाला लेडीज शर्ट! टक्स नाहीत, कंबरेला आकार नाही. छातीच्या मापाने घेतला तर खांदे दंडावर उतरतात. खांद्याच्या मापाने घेतला तर छातीवरच्या दोन बटणांच्या मध्ये फट. एक बटण नेमकं छातीच्या भरल्या जागी यावं लागतं, नाहीतर फट पडणारच, हे घरी मशीन चालवणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. आम्ही दिवसभर काउंटरवर लोकांसमोर बसतो. एक हात कीबोर्डवर, एक त्या फटीवर. इथे प्रत्येकीच्या शर्टात आतून सेफ्टी पिन आहे, आणि मेलमध्ये वर लिहिलंय की युनिफॉर्म ‘नीटनेटका व मापात’ असावा. मापात म्हणे!

ट्राउझरची तऱ्हा आणखी वेगळी. सीटला बसली तर कंबर मागून उघडी, आणि आसन, म्हणजे कंबरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतचा भाग, इतकं आखूड की खालच्या ड्रॉवरमधली फाइल काढायची तर आधी मागे कोण उभं आहे ते बघायचं. खिसे तर नाहीतच. खिशाच्या जागी नुसती शिवलेली रेघ. लॉकरची किल्ली, मोबाइल, रुमाल ठेवायचा कुठे? पुरुषांच्या ट्राउझरला बरे चार-चार खिसे परवडतात.

तक्रार केली की उत्तर तयार, ‘अल्टर करून घ्या ना.’ कशातून? टेलर शिवतो तेव्हा शिवणीत माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडतो, उसवून सैल करता येतं. या रेडिमेड मालात कापड वाचवायला ओव्हरलॉकपुरती कडा ठेवलेली असते. घट्ट करून मिळेल, सैल करायला कापड आणायचं कुठून? आणि अल्टरचे पैसे आमच्याच पगारातून, हे वेगळं सांगायला नको.

कापडाबद्दल बोलायलाच नको, पण बोलते. हे नागपूर आहे. मे महिन्यात पारा 45 ला टेकतो आणि आमच्या शाखेचा एसी मूड असेल तेव्हा चालतो. मुंबईच्या गारेगार ऑफिसात बसून यांनी निवडलं काय, तर जवळजवळ सगळं पॉलिएस्टर. सुती धागा आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. घाम जाणार कुठे? दुपारपर्यंत पाठीला शर्ट चिकटलेला आणि काखेत पांढरे डाग. ‘इस्त्री कमी लागते’ हा म्हणे फायदा.

पुरुष सहकारी हसतात, पण त्यांचंही काही खरं नाही. पोट सुटलेल्यांना स्लिम फिट दिलाय, बटणं जीव मुठीत धरून बसलीत. दारावरच्या सिक्युरिटीवाल्या काकांना तर उरलेल्यातला शर्ट मिळाला, बाह्या बोटांपर्यंत. त्यांनी दुमडल्या, तर तपासणीला आलेल्या साहेबांनी खाली सोडायला लावल्या.

साधी गोष्ट होती. ऑर्डरआधी कारखान्याकडून साइज सेट मागवायचा, प्रत्येक साइजचा एक-एक नमुना, एक दिवस शाखेत ठेवायचा, सगळ्यांनी घालून बघायचा. पण सगळ्यात कमी कोटेशन बघायचं की माणसं बघायची?

माझ्या शेजारच्या टेबलवर बसते तिला सहावा महिना आहे. कायद्याने बाळंतपणाची रजा 26 आठवडे, त्यातली आधीची जास्तीत जास्त आठ. म्हणजे सातव्या महिन्यापर्यंत ती इथे बसणार हे कोणालाही कळतं. तिच्यासाठी युनिफॉर्मच नाही. ‘मोठा साइज घ्या’ म्हणाले, तर डबल एक्सएल संपलेला. कुर्ता घालू का म्हणून विचारलं, तर हेड ऑफिसची मंजुरी लागेल. पुढचा लॉट दिवाळीनंतर, तेव्हा बघू म्हणाले. तिची तारीख सप्टेंबरची आहे.