बसून, उभे राहून आणि आडवे होऊन

मोटार विकत घेताना माणूस रंग, मायलेज आणि हप्ता एवढाच विचार करतो. तिची सर्व्हिसिंग कोठे करायची, हा प्रश्न त्याला पडत नाही, कारण पहिल्या तीन सर्व्हिसिंग फुकट आहेत असे शोरूममधल्या मुलाने गोड आवाजात सांगितलेले असते. फुकट असते ती फक्त मजुरी. ऑइल आणि फिल्टरचे पैसे आपणच मोजायचे असतात, हे पहिले बिल हातात पडल्यावर कळते. तरीही वॉरंटी असेपर्यंत माणूस निमूट तेथेच जातो. खरा पेच वॉरंटी संपल्यावर सुरू होतो. ‘दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते’ असा मुहूर्त गाडीबरोबरच्या पुस्तकात छापलेला असतो आणि तो जवळ आला की बेळगावातल्या मध्यमवर्गीय मराठी माणसापुढे तीन वाटा फुटतात: शोरूमचे सर्व्हिस सेंटर, ओळखीच्या मेस्त्रींचे गॅरेज आणि स्वतःच्या घराचे अंगण. या तिन्हींतला फरक पैशांचा आहे असे लोक मानतात. माझ्या मते तो शरीराच्या स्थितीचा आहे. शोरूममध्ये बसावे लागते, गॅरेजमध्ये उभे राहावे लागते आणि घरी आडवे व्हावे लागते.

शोरूममध्ये आपले स्वागत कन्नडमध्ये होते, आपण त्याला मराठीत उत्तर देतो, तेवढ्यावरून दोघेही हिंदीवर येतात आणि ज्यावर सही करायची ते जॉब कार्ड इंग्रजीत निघते. या प्रवासात गाडीची मूळ तक्रार हमखास बदललेली असते. ‘खड्ड्यातून जाताना डावीकडे खडखड वाजते’ एवढेच मी सांगितलेले असते. जॉब कार्डावर ‘जनरल चेकअप’ उमटलेले दिसते. मग मला काचेच्या खोलीतल्या सोफ्यावर बसवले जाते, कागदी पेल्यातून कॉफी येते आणि काचेपलीकडे आपली गाडी लिफ्टवर चढून चाके लोंबकळत उभी राहिलेली दिसते. तिच्याजवळ जायला मनाई असते. जेथे जायला मनाई असते, तेथे काय चालले आहे याबद्दल माणसाची कल्पनाशक्ती फार वेगाने धावते.

थोड्या वेळाने टॅबलेट घेतलेला सर्व्हिस ॲडव्हायझर येतो आणि खालच्या आवाजात विचारतो, ‘‘सर, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग करायचे काय? इंजिन फ्लश? एसीचे डिसइन्फेक्शन? अंडरबॉडी कोटिंग?’’ यांतले प्रत्येक नाव असे असते की ‘नको’ म्हणणारा माणूस कुटुंबाच्या जिवावर उठला आहे असे त्याचे त्यालाच वाटावे. त्यातले सगळेच निरर्थक असते असेही नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, त्यामुळे त्याचा उकळबिंदू खाली येतो आणि चोर्ला घाट उतरताना सतत ब्रेक दाबणाऱ्याने ते साधारण दोन वर्षांनी बदलावे, हे योग्यच आहे. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात वर्षानुवर्षे हिंडणाऱ्या गाडीच्या पोटाला गंजरोधक लेप लावणेही समजू शकते. पण टिळकवाडीतून कॅम्पपर्यंत जाऊन-येऊन असलेल्या गाडीचे इंजिन धुऊन काढायची तातडी काय, याचा उल्लेख गाडीच्या पुस्तकात मला कोठेही सापडलेला नाही. तसे मी ॲडव्हायझरला सांगितले, तेव्हा त्याने माझ्याकडे आदराने पाहिले आणि ते पुस्तक वाचणारे ग्राहक फार थोडे असतात, असे म्हटले. त्या कौतुकाच्या भरात मी एसीच्या डिसइन्फेक्शनला होकार दिला.

सर्व्हिसिंगनंतर दोन दिवसांनी फोन येतो. फोनच्या आधी ॲडव्हायझरचा आणखी एक फोन येतो आणि त्यात तो सांगतो, ‘‘सर, कंपनीकडून कॉल येईल, दहापैकी दहा द्या, नऊ दिले तरी आमच्यावर येतंय.’’ नऊ गुण मिळवणाऱ्या मुलाला घरी ओरडा खावा लागतो, ही पद्धत आपल्याकडे शाळेपुरतीच नाही, एवढे यावरून समजले. खडखड मात्र वाजत होती. मी दहा दिले.

‘बाहेर गाडी दाखवलीस तर वॉरंटी गेलीच म्हणून समज,’ असा धाक मला पहिली काही वर्षे माझे मेहुणे घालत असत. मेहुणे कोल्हापुरात राहतात आणि मोटारीच्या बाबतीत महाराष्ट्रातला सल्ला कर्नाटकातही लागू होतो, असे त्यांचे ठाम मत आहे. वस्तुस्थिती थोडी गुंतागुंतीची आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना, सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू दिली नाही म्हणून, अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता आणि केवळ बाहेर काम करून घेतले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असेही बजावले होते. प्रकरण पुढे अपिलांत गेले. मेहुण्यांना हे सांगितल्यावर त्यांनी विषय बदलून गाडी कोल्हापूरलाच आणायचा आग्रह धरला. म्हणजे सव्वाशे रुपयांच्या फिल्टरसाठी हत्तरगी आणि कोगनोळी असे दोन टोलनाके ओलांडून शंभरावर किलोमीटर जायचे. गंमत अशी की तिकडची मंडळी पेट्रोल स्वस्त पडते म्हणून टाकी भरायला आमच्या बाजूला येतात आणि आम्हाला सर्व्हिसिंगला तिकडे बोलावतात.

त्यामुळे वॉरंटी संपताच मी मेस्त्रींकडे गेलो. त्यांचे गॅरेज उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीच्या बाजूला आहे. पाटीवर नियमाप्रमाणे 60 टक्के जागा कन्नडला दिलेली आहे, उरलेल्या जागेत मराठी आणि इंग्रजी दाटीवाटीने बसले आहेत आणि आतल्या कामाची भाषा या तिन्हींपैकी कोणतीच नसून उर्दूमिश्रित शिव्यांची आहे. येथे बसायला खुर्ची नाही. एक जुनी मागची सीट भिंतीला टेकवून ठेवलेली आहे, पण तिच्यावर गिअरबॉक्स बसलेला असतो. शिवाय बसणे परवडतही नाही, कारण मालक नजरेआड झाला की मेस्त्री दुसऱ्या गाडीकडे वळतात. ‘‘साहेब, अर्ध्या तासात होतंय की,’’ हे वाक्य त्यांनी सकाळी दहाला उच्चारलेले असते आणि दुपारी दोनला फिल्टर आणायला पाठवलेला पोरगा दुसऱ्याच गाडीचा फिल्टर घेऊन परत आलेला असतो.

उभे राहणाऱ्यांचा तेथे एक कायमस्वरूपी समाज आहे. येळ्ळूरचे एक शिक्षक, खानापूरकडचे एक काजू-व्यापारी, अनगोळचे एक निवृत्त बँक कर्मचारी आणि मी, असे आम्ही उघड्या बॉनेटभोवती उभे असतो. बोलणे पावसावरून भाताच्या लावणीवर, तेथून महापालिकेवर आणि शेवटी सीमाप्रश्नावर येते. महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा आणि शिक्षकांच्या गाडीची क्लच प्लेट या दोन्हींची पुढची तारीख विचारली असता सगळ्यांनी मेस्त्रींकडे पाहिले. मेस्त्रींनी फक्त क्लच प्लेटपुरते आश्वासन दिले आणि तेही सोमवारचे.

तरीही माणूस गुणी आहे, हे मान्य केले पाहिजे. शोरूमला न सापडलेली खडखड त्यांनी गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणून कानाने शोधली. चाकाजवळचा स्टॅबिलायझर लिंक नावाचा छोटा दांडा झिजला होता. काही महिन्यांनी डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला, तेव्हा शोरूमने धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच बदलायला सांगितला. त्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात, त्यामुळे त्याची किंमत ऐकताना सोनाराच्या दुकानात आल्याचा भास झाला. मेस्त्रींनी स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये आपला स्कॅनर खुपसला. पडद्यावर ‘पी 0420’ असा आकडा आला. ‘‘साहेब, गाडी फोरट्वेंटी निघाली की,’’ मेस्त्री समाधानाने म्हणाले. उभा असलेला सगळा समाज हसला. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि फसवणुकीचे कलम 420 वरून 318 वर गेले, ही बातमी मोटारीच्या संगणकापर्यंत पोचलेली दिसत नाही. कन्व्हर्टरच्या पुढे आणि मागे एकेक ऑक्सिजन सेन्सर असतो; दोघांची साक्ष फार सारखी येऊ लागली की कन्व्हर्टर काम करत नाही असा निष्कर्ष संगणक काढतो. पण एक्झॉस्टचा पाइप कोठे गळत असला तरी साक्ष बिघडते. मेस्त्रींनी गळका गॅस्केट शोधून बदलला आणि दिवा विझला. बिल त्यांनी ऑइल फिल्टरच्या खोक्याचे झाकण फाडून त्याच्या आतल्या बाजूवर लिहिले. 22 सप्टेंबर 2025 पासून सुट्या भागांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, असे मी त्यांना उत्साहाने सांगितले. ‘‘आमचा पयल्यापासून शून्यच हाय,’’ ते म्हणाले.

गॅरेजच्या मार्गातली एकमेव धार्मिक अडचण म्हणजे खंडेनवमी. त्या दिवशी पाने, जॅक आणि ग्रीसगन चौरंगावर मांडून त्यांना हळद-कुंकू वाहिलेले असते, आणि एकदा मांडलेला पाना उचलायचा नसतो. मी बंद पडलेली गाडी ढकलत तेथवर पोचलो, तेव्हा मेस्त्रींनी तिला हार घातला, चाकांखाली लिंबे ठेवली, पुढ्यात कोहळा फोडला आणि चुरमुऱ्याचा प्रसाद देऊन मला रिक्षाने घरी पाठवले.

याच काळात आपले काम आपणच करावे, हा विचार बळावला. मोबाइलवरच्या व्हिडिओंत हसतमुख माणसे वीस मिनिटांत ऑइल बदलतात. त्या माणसांना स्वतःचे गॅरेज असते आणि शेजारी नसतात, हे कॅमेऱ्यात दिसत नाही. माझ्या अंगणाला कुंपण आहे, पण कुंपणापलीकडे उद्यमबागेतल्या फाउंड्रीत आयुष्य घालवलेले एक निवृत्त फोरमन काका राहतात. बेळगावात प्रत्येक गल्लीत असा एक काका असतोच, कारण या शहरात ओतकाम आणि लेथ यांच्याशी संबंध नसलेले घर शोधावेच लागते. मी रॅम्प, ऑइल धरायची परात, पान्यांचा संच आणि नट ठरावीक जोरानेच आवळता यावा यासाठीचा टॉर्क रेंच खरेदी केले. एवढ्या पैशांत मेस्त्रींची कित्येक वर्षांची मजुरी निघाली असती. ‘‘नुसत्या जॅकवर चढवून खाली जायचं न्हाई,’’ असा काकांचा पहिला आदेश होता आणि तो शंभर टक्के बरोबर होता. ‘‘टॉर्क रेंच कशाला? हाताला कळतंय,’’ हा दुसरा होता आणि त्यावर आमचे मतभेद झाले.

गाडीखाली आडवे होणे हा स्वतंत्र अनुभव आहे. गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची सतरा सेंटिमीटरांच्या आसपास असते आणि रॅम्पने त्यात भर पडली, तरी माझ्या पोटाचा विचार तिच्या रचनाकारांनी केलेला नव्हता. वर जुने ऑइल सोडायचा ड्रेन प्लग दिसत होता, बाजूला फक्त पाय दिसत होते. काकांच्या चपला, दूधवाल्याचे बूट, कुतूहलाने आलेल्या मुलांची अनवाणी पावले आणि थोड्या अंतरावर पत्नीचे स्थिर पाय, ज्यांवरून तिचा चेहरा कसा असेल ते कळत होते. पायांच्या वर चर्चा चालली होती: ‘‘काय झालंय ओ?’’ ‘‘काय न्हाई, पैसे वाचवायला लागल्यात.’’ काम मात्र नीट झाले. नवा वॉशर घातला, प्लग पुस्तकात दिलेल्या टॉर्कवर आवळला, फिल्टरच्या रबराला नवे तेल लावून तो हातानेच बसवला, ऑइल पुस्तकातल्या ग्रेडचे भरले आणि डिपस्टिकने पातळी पाहिली.

उरले ते परातीतले काळे तेल. वापरलेले ऑइल 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते; ते गटारात ओतायचे नाही आणि घंटागाडीतही द्यायचे नाही. काकांनी ते कुंपणाच्या लाकडी खांबांना वाळवीसाठी मागितले, खानापूरच्या चुलतभावाने नांगराला गंज लागू नये म्हणून मागितले. दोघांनाही नकार देताना नातेसंबंध ताणले गेले. जुन्या तेलाचे पिंप शहरात माझ्या माहितीत एकाच ठिकाणी होते, जेथून ते पुन्हा शुद्ध करायला नेतात. तेव्हा कॅन घेऊन मी मेस्त्रींकडे गेलो. घरगुती औषध करून आलेल्या रोग्याकडे डॉक्टर ज्या नजरेने पाहतात, त्या नजरेने त्यांनी कॅनकडे पाहिले. ‘‘कुठं केलासा?’’ एवढेच विचारले आणि पिंपाचे झाकण उघडले.

बॉनेटभोवती समाज उभा होता. त्यात एक नवा चेहरा होता, टाय सैल केलेला. शोरूमचा तोच ॲडव्हायझर आपली जुनी गाडी घेऊन आला होता. ‘‘सर, माझी वॉरंटी संपून लई वर्षं झाली,’’ तो ओशाळून म्हणाला. शेडच्या कोपऱ्यात सीटवरचे प्लॅस्टिकही न काढलेली एक कोरी गाडी उभी होती. ती मेस्त्रींची निघाली. तिचे ऑइल ते स्वतःच बदलणार का, असे मी विचारले.

‘‘छे हो साहेब, ती शोरूमला जाते की. वॉरंटी हाय.’’

‘‘मेस्त्री, परवा सकाळी घेऊन या, मी स्वतः जॉब कार्ड काढतो,’’ ॲडव्हायझर बॉनेटखालून म्हणाला. ‘‘फक्त कंपनीचा फोन आला की दहापैकी दहा द्या.’’

‘‘आधी तुमची ही वाजायची थांबते काय बघू,’’ मेस्त्री म्हणाले आणि त्यांनी पोरग्याला फिल्टर आणायला पाठवले.