झेपणार नाही म्हणे!

सकाळी डोळे चोळत फोन बघितला तर इथल्या, म्हणजे इंग्लंडातल्या, आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज. दिवाळीला 'संशयकल्लोळ' करायचं ठरलंय! इतका आनंद झाला की चहा उतू गेला. शेगडी पुसून पुढची ओळ वाचली. 45 मिनिटांत बसवायचं, पदं चारच, तीही रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर, कारण "आजच्या ऑडियन्सला एवढं झेपणार नाही." खाली सतरा अंगठे.

कोणाला झेपणार नाही? मला विचारलं होतं का? गरबा चार तास झेपतो. क्रिकेट दिवसभर झेपतं. कमिटीची भाषणंसुद्धा झेपतात, कारण जेवण त्यांच्यानंतर ठेवलेलं असतं. नाटक तेवढं झेपत नाही.

तर आता माझ्या बाबांची गोष्ट. ज्यांनी आधी ऐकली आहे त्यांनी पुन्हा ऐका.

2016 चा उन्हाळा. मी तेव्हा ब्रिस्टलला होते आणि बाबा पहिल्यांदाच सांगलीहून तीन महिन्यांसाठी आले होते. किंग स्ट्रीटवरच्या थिएटर रॉयलला, म्हणजे सगळे ज्याला ब्रिस्टल ओल्ड विक म्हणतात त्याला, त्या वर्षी 250 वर्षं झाली. 1766 चं नाटकगृह, तिसऱ्या जॉर्जच्या राज्यातलं. त्या निमित्तानं त्यांनी शेक्सपियरचं 'किंग लिअर' लावलं होतं. लिअरच्या भूमिकेत टिमथी वेस्ट. म्हातारी पात्रं मुरलेल्या नटांकडे आणि तरुण पात्रं तिथल्याच नाट्यशाळेच्या मुलामुलींकडे. बाबांचं इंग्रजी बँकेच्या पत्रव्यवहारापुरतं. मी भीत भीत गॅलरीची तिकिटं काढली, अगदी वरची, कारण स्वस्त.

गोष्ट त्यांना माहीत होती. 'नटसम्राट'मुळे आमच्या घरात ती सगळ्यांनाच माहीत आहे. बापाचे शंभर सरदार लेकी कमी कमी करत आणतात तो प्रवेश सुरू झाला तसे बाबा माझ्याकडे वाकून म्हणाले, "मी दोनच बॅगा आणल्यात हं." मागच्या बाईंनी शूः केलं.

आणि मग वादळ.

त्या नाटकगृहाच्या छताच्या वर लाकडी पन्हळी आहेत. त्यांतून जड गोळे सोडायचे, ते घरंगळत जातात आणि खाली बसलेल्यांना ढग गडगडल्यासारखं वाटतं. थंडर रन म्हणतात. जॉर्जियन, म्हणजे त्या जॉर्ज राजांच्या काळातली युक्ती. कित्येक वर्षं ती बंद होती, या लिअरसाठी पुन्हा चालू केली होती. स्पीकरचा आवाज समोरून येतो. हा डोक्यावरून चालत गेला. बाक हलला. बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं, वर बघितलं आणि म्हणाले, "अगं, वर माणूस आहे."

यातली गंमत कळायला बाबा माहीत हवेत. राज्य नाट्य स्पर्धेसाठी त्यांच्या ग्रुपची नाटकं व्हायची, त्यात त्यांना आयुष्यात एकही भूमिका मिळाली नाही. ते विंगेत उभे राहून पत्रा हलवायचे. वीज, ढग, वादळ, सगळं त्या एका पत्र्यावर. त्या जुन्या पन्हळीतून गोळा गेला आणि सांगलीच्या पत्रेवाल्यानं आपल्या जातीचा माणूस ओळखला. कसलं झेपणार नाही हो?

तेव्हा कोणी हात धरून 'आजच्या काळाशी नातं' समजावलं नव्हतं. आत म्हातारा राज्याची वाटणी करत होता आणि त्याच महिन्यात बाहेर ब्रेक्झिटचं मतदान. गॅलरीतल्या कोणालाही भाषणाची गरज पडली नाही.

आता कोणीतरी कमेंटमध्ये येणारच, की काटछाट तर नेहमीच होत आलीय. हो, आलीय. मान्य. लिअरचं वाटोळं तर जॉर्जियन काळाच्याही आधीच झालं होतं. नाहम टेट नावाच्या गृहस्थानं 1681 मध्ये शेवट गोड करून टाकला, कॉर्डेलिया जिवंत, तिचं लग्नही लावलं, विदूषकाला तर हाकलूनच दिलं. दीडशे वर्षं लोक हेच बघत होते. विदूषक परत आला 1838 साली. आणि मधे राजा जॉर्ज स्वतःच वेडा झाला, तेव्हा 1820 मध्ये तो जाईपर्यंत कितीतरी वर्षं लिअर लंडनच्या रंगमंचावर येऊच दिलं नाही. म्हणजे 'प्रेक्षकाला झेपणार नाही' ही सबब जुनीच आहे. माझा राग त्यावरच आहे. त्या शहाण्यांनाही वाटलं होतं की आपण लोकांवर उपकार करतोय.

आणि ज्या नाटकाचे तुम्ही 45 मिनिटांत तुकडे करणार आहात ते कुठून आलं, ठाऊक आहे? आर्थर मर्फीचं 'ऑल इन द राँग', 1761. म्हणजे ब्रिस्टलच्या नाटकगृहाहून पाच वर्षांनी मोठं, अस्सल जॉर्जियन. मर्फीनं ते फ्रेंच नाटककार मोलियेरकडून उचललं, आमच्या हरिपूरच्या देवलांनी मर्फीकडून. आधी गद्य होतं, मग 1916 मध्ये गंधर्व मंडळीनं संगीत करून आणलं. इथे इंग्लंडात मर्फी हे नाव घेतलं तर ऑफिसातले लोक बिअरचं नाव समजतात. ते नाटक जिवंत ठेवलं आपण. फाल्गुनराव, कृत्तिका, रेवती, अश्विनशेठ आणि ती तसबीर! ज्या देशातून ते नाटक आलं त्याच देशात आपण ते परत आणतोय, आणि आणताना हातपाय कापून?

(हॉलचं भाडं तासावर असतं, माहितेय मला. मागच्या वर्षी हिशेब मीच केला होता.)

देवलांनीही बदललंच की, असं म्हणाल. बदललं. पण त्यांनी त्यात घातलं. तुम्ही फक्त काढताय.

दुपारी ब्रिस्टलचं सगळं पुन्हा आठवत बसले. 1766 मध्ये त्या लोकांकडे नाटकाचा परवानाच नव्हता. मग त्यांनी जाहिरात केली की संगीताची मैफल आहे आणि सोबत वक्तृत्वाचा नमुना सादर होईल. नाटक करायचंच होतं म्हणून एवढी लबाडी! बांधायला पैसे घालणाऱ्यांना चांदीची तिकिटं दिली होती, म्हणजे फुकट पासवाले तेव्हाही होते, त्यावर मी बोलत नाही. 1942 मध्ये, युद्ध चालू असताना, ती वास्तू विकून गोदाम व्हायची वेळ आली होती. गावातले लोक उभे राहिले म्हणून वाचली. बॉम्ब पडत होते हो. त्यांना झेपलं.

एवढं लिहून झाल्यावर पुरावा म्हणून बाबांना फोन लावला. म्हटलं, बाबा, सांगा बरं यांना, ते लिअर तुम्हाला कसं सगळं कळलं होतं. तिकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "सगळं कुठलं? सरदारांपर्यंत जागा होतो. मग डोळा लागला. त्या गडगडाटानं दचकून उठलो, तेव्हा तुझा हात धरला."

इतकी वर्षं मी ही गोष्ट सांगतेय. प्रत्येक मंडळात, प्रत्येक जेवणात.

"मग पुढचं?" मी विचारलं.

"पुढचं सगळं बघितलं. शेवटी तो मुलीला उचलून आणतो तिथे तू रडत होतीस, म्हणून तुझ्याकडे बघितलं नाही." मग जरा थांबून, "पण तो वरचा माणूस भारी होता हं. एक गोळासुद्धा वाक्यावर पडू दिला नाही त्यानं."

मघाशी पाठवायला टाइप केलेला लांबलचक मेसेज खोडला. आता एवढंच लिहिलंय, की 45 चे निदान 90 करा, पेटीवाले काका अजून वाजवतात, त्यांना मी विचारते. ट्रॅक नको.

बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "तुमच्या मंडळाकडे पत्रा आहे का?"

"बाबा, 'संशयकल्लोळ'मध्ये वादळ कुठे आहे?"

"नसू दे की. असलेला बरा."